वाकड्या पानाची सरळ गोष्ट

जुनी मराठी पुस्तके हल्ली कपाटात कमी आणि पडद्यावर जास्त भेटतात. ज्या ग्रंथासाठी पूर्वी पुण्या-मुंबईच्या चार ग्रंथालयांचे जिने झिजवावे लागत आणि ग्रंथपालाची मर्जी सांभाळावी लागे, तो आता घरबसल्या मोबाइलवर उघडतो. ही सोय सामान्य नव्हे. पण उघडल्यावर पुढे काय होते, हे ज्याने अनुभवले आहे तोच जाणे. पहिल्याच पानावर मान तिरकी करावी लागते. ओळी डावीकडून उजवीकडे घाट चढत असतात. एका कडेला काळाकुट्ट पट्टा असतो, दुसऱ्या कडेला पुस्तक दाबून धरणाऱ्या इसमाचा अंगठा. शिवणीकडची दोन-तीन अक्षरे घडीत बुडालेली असतात. दहा पाने झाली की पुस्तक वाचतो आहोत की मानेचा व्यायाम करतो आहोत, हेच कळेनासे होते.

यावर उपाय दोन. पान सरळ करायचे आणि त्याच्या कडा कापायच्या. ऐकायला हे शिंप्याच्या कामापेक्षा सोपे वाटते, आणि म्हणूनच बहुतेक लोक त्यात पडतात. सरळ करणे अवघड आणि कापणे सोपे, असा सर्वसाधारण समज आहे. माझे मत नेमके उलट आहे. सरळ करण्याचे काम यंत्र बिनबोभाट करते. खरा धोका आहे तो कात्रीत.

मी मराठीचा प्राध्यापक. समास शिकवणे हा माझा पोटाचा धंदा. द्वंद्व, तत्पुरुष, बहुव्रीही यांची उदाहरणे फळ्यावर लिहीत वीस वर्षे काढल्यावर, पानाच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या जागेलाही आपण समासच म्हणतो, याकडे माझे लक्ष जरा उशिराच गेले. या दुसऱ्या समासाचा विग्रह कसा करू नये, हेच मला येथे सांगायचे आहे.

एका अंशाची किंमत

आधी वाकडेपणाचा हिशेब पाहू. पुस्तकातली छापील ओळ शंभर मिलिमीटर, म्हणजे सुमारे चार इंच लांब धरा. पान एकच अंश कलले, तर त्या ओळीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा पावणेदोन मिलिमीटर वर जाते. डोळा एवढे खपवून घेतो. तीन अंश कलले, की हा फरक पाच मिलिमीटरांच्या वर जातो, आणि पुष्कळशा पुस्तकांत दोन ओळींमधले अंतर साधारण तेवढेच असते. म्हणजे ओळीचा शेवट शेजारच्या ओळीच्या घरात शिरला! माणूस तरीही वाचतो, कारण त्याला अर्थ ओढून नेत असतो. पण चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवणाऱ्या यंत्राला अर्थाचा आधार फार थोडा. ते ओळ ओळ सुटी करून मग अक्षरांकडे वळते; ओळच सुटली नाही तर पुढचे सगळे मुसळ केरात.

आणि हे यंत्रवाचन आज चैन राहिलेले नाही. ‘टेसरॅक्ट’ हा फुकट मिळणारा अक्षरवाचक मराठी वाचतो. मराठी ‘विकिस्रोता’वर स्वयंसेवक एकीकडे पानाचे चित्र आणि दुसरीकडे यंत्राने वाचलेला मजकूर ठेवून तपासत बसतात. पान सरळ असेल तर त्यांची अर्धी डोकेदुखी वाचते. लेखकाच्या निधनाला साठ वर्षे उलटून गेली, की ते वर्ष संपल्यानंतर त्याचे ग्रंथ आपल्या कायद्याने सर्वांना खुले होतात. एकोणिसाव्या शतकातले जवळजवळ सगळे मराठी वाङ्मय आणि विसाव्यातलेही बरेच असे खुले झालेले आहे. काम उदंड आहे, करणारे थोडे.

लिपीने दिलेली पाणसळ

पान किती कलले आहे हे यंत्राला कसे कळते? याचे उत्तर मला समजले, तेव्हा आपल्या लिपीचा अभिमान वाटला.

१९६२ साली पॉल हफ या अमेरिकी संशोधकाला एका युक्तीचे पेटंट मिळाले. अणुविज्ञानाच्या प्रयोगांत ‘बबल चेंबर’मधून जाणाऱ्या कणांच्या मार्गांची छायाचित्रे घेत, त्या ठिपक्यांच्या गर्दीतून सरळ रेघा हुडकण्याची ती युक्ती होती. पुढे १९७२ मध्ये डुडा आणि हार्ट यांनी तिला आजचे सुटसुटीत रूप दिले, आणि कणांचे मार्ग शोधणारी ती रीत छापील ओळींचा कल शोधण्याच्याही कामी आली.

दुसरी रीत त्याहून सोपी. ती तर शाळकरी पोरालाही समजावी. पानाच्या चित्राच्या आडव्या पट्ट्या पाडा आणि प्रत्येक पट्टीत काळे ठिपके किती ते मोजा. पान सरळ असेल तर ओळीच्या जागी आकडा उसळी मारतो आणि दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेत शून्यावर येऊन बसतो. पान वाकडे असेल तर प्रत्येक पट्टीत थोडी ओळ, थोडी कोरी जागा येते आणि आकडे सगळीकडे सपक राहतात. आता पान थोडे थोडे फिरवून पुन्हा पुन्हा मोजत जायचे. ज्या कोनात चढउतार सर्वांत तीव्र, तो कोन खरा. संगणक हे क्षणात उरकतो.

रोमन अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. गुजरातीने ती टाकून दिली. देवनागरीने मात्र जपली आहे, आणि शिरोरेषेच्या पट्टीत काळ्या ठिपक्यांचा आकडा असा काही उसळतो की यंत्राला शंकाच उरू नये. गवंडी भिंत रचताना पाणसळ ठेवतो ना, तशी आपल्या लिपीने दर ओळीवर एक पाणसळ ठेवलेली आहे! मोडीचा तर थाटच वेगळा. कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढी आणि मग बोरूने तिला अक्षरे टांगत जाई. दफ्तरातले ते कागद वाचायला कितीही अवघड असोत, सरळ करायला सोपे आहेत.

अर्थात यंत्रही फसते. ज्या पानावर नुसते पुस्तकाचे नाव आणि प्रकाशकाचा छाप आहे, जेथे चित्र आहे, जेथे कवितेच्या चारच ओळी आहेत, तेथे त्याला पुरेसा पुरावा मिळत नाही. शिळाप्रेसवरच्या पुस्तकांची कथा आणखी निराळी. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे पुष्कळ मराठी ग्रंथ लेखकूने हाताने लिहून दगडावर उतरवलेले होते. तेथे ओळ मुळातच किंचित डुलते. तिला रूळ लावून ताठ करण्याचा अट्टाहास करू नये. तो त्या लेखकूच्या हाताचा डौल आहे. स्कॅनरची चूक नव्हे.

जॉब आधी सरळ धरा

आमचे तळवडे म्हणजे इंद्रायणीकाठचे जुने गाव; १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला चाकणकडे जाणारी मालमोटारींची रांग. मध्ये संगणकवाल्यांच्या काचेच्या इमारती आणि त्यांच्या पाठीशी पत्र्याच्या शेडमधले छोटे कारखाने. एकाच टपरीवर गळ्यात ओळखपत्र घातलेले तरुण आणि हाताला ऑइल लागलेले कामगार शेजारी शेजारी चहा पितात. पुस्तकांच्या या उद्योगात मला संगणकवाल्यांची मदत होईल असे वाटले होते. झालीही. पण खरी अक्कल शिकवली ती शेजारच्या टूलरूममधल्या एका फिटरने.

मी गच्चीवर मोबाइल उंच धरून एका जुन्या व्याकरणाची पाने टिपत होतो. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, “सर, राग मानू नका, पण जॉब व्हाइसमध्ये वाकडा धरायचा आन् मग कापताना सरळ करत बसायचं, हे कुठल्या कारखान्यात चालतं?”

मी म्हटले, “अहो, सरळ करायला संगणक आहे की.”

“संगणक करंल हो. पण तीनशे जॉब तीनशे तऱ्हेनं धरलेत तुम्ही. तीनशे वेळा सेटिंग करावं लागंल. एकदा फिक्श्चर बनवा, आन् सुटा.”

रविवारी त्याने लोखंडी अँगल, दोन फळ्या आणि काच आणून इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा एक पाळणा करून दिला. पुस्तक त्यात अर्धवट उघडे बसते. पाठ मोडत नाही, शिवण ताणत नाही. वरून काच ठेवली की पान सपाट. मोबाइलला स्टँड, आणि तो स्टँड पानाशी काटकोनात आहे की नाही हे पाहायला त्याने गुण्या लावला. मी रूपयांची गोष्ट काढली तेव्हा त्याने नुसती मान हलवली आणि मुलीच्या दहावीच्या मराठीकडे जरा बघा म्हणाला.

या पाळण्याचा फायदा वरवर दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. मी आधी पुस्तकाची सगळी उजवी पाने टिपतो, मग पाळणा फिरवून सगळी डावी. त्यामुळे उजव्या पानांचा कल जवळजवळ एकच, त्यांच्या कडाही एकाच जागी, डाव्यांचेही तसेच. उजव्या पानांना विषम आकडे, डाव्यांना सम आकडे देऊन नावे ठेवली की संगणक दोन्ही फौजा आपोआप एकाआड एक उभ्या करतो. तीनशे पानांना पानामागे एक मिनिट धरले तरी हाताने सरळ करायला आणि कापायला पाच तास लागतात. सगळी उजवी एका चौकटीत आणि सगळी डावी दुसऱ्या चौकटीत बसली, की उरतात ती फक्त हट्टी पाने.

काच न ठेवता टिपलेल्या पानाचा आणखी एक रोग असतो. शिवणीजवळ ओळी विळ्यासारख्या वाकतात. हा वाकडेपणा फिरवून जात नाही, कारण पान कललेले नसून फुगलेले असते. तो काढणारी साधने आहेत, पण ती अक्षरांना कधी ताणतात, कधी दाबतात. तेथे काचेसारखे औषध नाही.

संगणकावरच्या कामासाठी ‘स्कॅन टेलर’ नावाचा एक फुकट कार्यक्रम आहे. जोसेफ आर्त्सिमोविच यांनी तो लिहिला, आणि पुढे इतरांनी त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. त्याच्या नावातच शिंपी आहे आणि कामाचा क्रमही शिंप्यासारखाच: कापड उलटे की सुलटे ते पाहणे, जोडपान असेल तर मधोमध फाडणे, सरळ करणे, मजकुराभोवती चौकट आखणे, समास सोडणे, आणि सर्वांत शेवटी कापणे. हा क्रम मोडू नये. वाकड्या पानाला आधी चौकट आखली तर कोपऱ्यातली अक्षरे जातात, हे सांगायला नको.

घाईच्या माणसासाठी त्यात एक गमतीची सोय आहे. आखलेल्या चौकटींच्या रुंदीप्रमाणे किंवा उंचीप्रमाणे पाने लावून पाहता येतात. बहुसंख्य पाने सारखी असल्यामुळे ती मध्ये निमूट बसतात. घोटाळा झालेली दोन टोकांना येऊन उभी राहतात. अगदी अरुंद ती, जिच्यातला मजकूर यंत्राने सोडला; अगदी रुंद ती, जिच्यात अंगठा शिरला. तीनशे पाने तपासण्याऐवजी दोन्हीकडची वीस-वीस पाहिली की बरेचसे काम झाले. परीक्षेचे पेपर तपासताना विद्यापीठाने अशी काही सोय केली असती तर माझ्यासारख्यांनी दुवा दिला असता.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. पान एकदाच फिरवावे, आणि तेही मूळ चित्रातून. फिरवणे म्हणजे प्रत्येक ठिपक्याला नवी जागा देणे, आणि ती देताना शेजाऱ्यांची सरासरी काढावी लागते. आज अर्धा अंश, उद्या पाव अंश असे चारदा फिरवले की अक्षरांच्या कडा धुरकट होतात. शिवाय चित्र निव्वळ काळे-पांढरे करायचे असेल तर ते फिरवून झाल्यावर. आधी काळे-पांढरे करून मग फिरवले की सरळ शिरोरेषेला पायऱ्या पडतात.

ठिपका म्हणजे धूळ नव्हे

या कार्यक्रमांत आणखी एक बटण असते, डाग पुसण्याचे. इंग्रजी पुस्तकाला ते फारसे बाधत नाही. मराठीला बाधते. अनुस्वार म्हणजे तरी काय? एक ठिपका. तो अर्धा मिलिमीटर धरला आणि पान इंचाला ३०० ठिपक्यांनी टिपले, तर त्या अनुस्वाराची रुंदी जेमतेम सहा ठिपके भरते. १५० ने टिपले तर तीनच. एवढ्याच आकाराचा धुळीचा कणही असतो. यंत्राने दोघांनाही एकाच न्यायाने झाडून टाकले तर ‘त्यांचे’चे ‘त्याचे’ होते, ‘मुलांचा’चा ‘मुलाचा’ होतो. आदरार्थी बहुवचनातला थोर पुरुष एका झटक्यात एकेरीवर येतो!

जुन्या पुस्तकांत तर हा प्रश्न अधिकच नाजूक. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, त्यापूर्वीच्या छापील मराठीत उच्चारात नसलेले पण व्युत्पत्तीने येणारे अनुस्वार ओळीओळीवर आहेत. कोणत्या लेखकाने ते पाळले, कोणी केव्हा सोडले, यावर उद्या एखादा विद्यार्थी प्रबंध लिहू म्हणेल. त्याच्या हाती आपण साफसूफ केलेली पाने दिली, तर तो अनुस्वार लेखकाने गाळला की यंत्राने, हे त्याला कोण सांगणार? लहान टाइप असेल तर इंचाला ४०० किंवा ६०० ठिपके घ्यावेत, आणि डाग राहिले तर राहू द्यावेत. ते पानाचे वय आहे.

समासातला मजकूर

आता कात्रीकडे येतो. पोथ्यांच्या काळात समास हा नुसता शोभेचा नव्हता. नकलताना शब्द सुटला तर लेखक त्या जागी काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण करी आणि सुटलेला शब्द समासात लिही. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फाशी. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण राजकारणात वापरतो, तो मूळचा पोथीतला. अशा पोथीचा समास कापला तर मजकूरच कापला जातो. तिचे रंग काढून काळे-पांढरे केले तर कोणत्या अक्षरावर हरताळ होती हा भेदच नाहीसा होतो.

छापील पुस्तकांतही कडेला बरेच काही असते. पानाच्या तळाशी, मजकुरापासून दूर, फर्म्याचा बारीक आकडा असतो. पुस्तकाची पाने गहाळ आहेत का, हे त्यावरून कळते. ग्रंथालयाचा शिक्का असतो, दाखलअंक असतो. आणि मागच्या वाचकाने शिसपेन्सिलीने केलेल्या खुणा असतात. या खुणांना ग्रंथपाल शिव्या देतात, पण पन्नास वर्षांनंतर त्याच खुणा साधन म्हणून मोलाच्या ठरतात.

तळटिपा तर सर्वांत दुर्दैवी. आमच्या शेजारच्या देहूचेच उदाहरण घ्या. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे; तुकोबांच्या हातची म्हणून मानली जाणारी ‘भिजकी वही’ही देहूशी निगडित आहे. गाथेची पहिली मोठी चिकित्सक आवृत्ती मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ अशा दोन भागांत निघाली. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, पंढरपूर आणि कडूस येथील पोथ्या ताडून ती सिद्ध केली. कोणत्या पोथीत कोणता शब्द, हे पाठभेद त्यांनी तळाशी बारीक टाइपात नोंदवले. त्या आवृत्तीचा सगळा कस त्या तळाच्या बारीक ओळींत आहे. आता कल्पना करा: कोणी घाईघाईने तीनशे पानांना एकच चौकट ठोकली, आणि ज्या पानांवर टिपा चार ओळी अधिक खाली उतरल्या आहेत तेथे त्या कापल्या गेल्या. अभंग शाबूत, वाचायला सुबक. पाठभेद गेले. आणि गेले आहेत हेही कोणाला कळणार नाही, कारण कापलेले पान नेहमीच पूर्ण दिसते. वाकडे पान आपले वैगुण्य ओरडून सांगते. सफाईने कापलेले पान गप्प बसते.

हे कल्पनेतले संकट नाही. माझ्या ओळखीच्या एका संस्थेने आपल्या जुन्या नियतकालिकांच्या फायली कंत्राटावर स्कॅन करून घेतल्या. पानामागे दर ठरलेला. साहजिकच वेगाला मोल, काळजीला नाही. कपाटातली पाने सरळ, पांढरीशुभ्र होऊन एका तबकडीत आली. समारंभ झाला, नारळ फुटला. मग जागेची अडचण म्हणून मूळ फायली रद्दीत गेल्या. दोन वर्षांनी मी तेथे एका लेखमालेसाठी गेलो, तेव्हा शिवणीकडची दोन-दोन अक्षरे पानोपान नव्हती. फायली जाड बांधणीच्या, नीट उघडत नसाव्यात. काळी सावली दिसू नये म्हणून यंत्राने तेवढा पट्टा छाटला होता. कंत्राटदाराकडे मूळ चित्रे विचारली. त्याने ती बिल मिळाल्यावर पुसून टाकली होती. ओळींची सुरुवात ताडून ताडून मी चार लेख पुरे केले. पाचव्यात आकड्यांची कोष्टके होती, ती सोडून दिली. शब्दाचे पहिले अक्षर अंदाजाने भरता येते. आकड्याचे येत नाही.

मोठ्या प्रमाणावरच्या कामांचीही हीच कसोटी असते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी यांनी दहा लक्ष पुस्तकांच्या संगणकीकरणाची कल्पना मांडली, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली. पुढे ते संकेतस्थळ बंद झाले; त्यातली लाखो पुस्तके ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर उतरवून घेतलेली होती म्हणून आज हाती येतात. त्यांतली पुष्कळ पाने वाकडी आहेत, काळ्या कडांची आहेत. मला त्यांची तक्रार नाही. ती न कापलेली आहेत. त्यामुळे कोणीही आज बसून ती सरळ करू शकतो, आणि उद्या दुसरा त्याहून चांगली करू शकतो.

म्हणून माझी रीत अशी. वाचण्यासाठी एक प्रत सरळ करावी आणि मजकुराभोवती बोटभर समास राखून कापावी. फर्म्याचा आकडा, शिक्का, पेन्सिलीची खूण जेथे असेल तेथे ती आत घ्यावी, चौकट बेढब झाली तरी चालेल. कोरी पानेही टाकू नयेत, नाहीतर पृष्ठांकांचा मेळ बसत नाही. आणि टिपलेली मूळ रंगीत चित्रे, अंगठ्यासकट, निराळी ठेवावीत.

जागा पुरत नाही ही सबब आता चालत नाही. साडेपाच बाय साडेआठ इंचांचे पान इंचाला ३०० ठिपक्यांनी टिपले, तर सुमारे बेचाळीस लाख ठिपके होतात. रंगीत आणि काहीही न दाबता ठेवले तर साडेबारा मेगाबाइटच्या आसपास. तीनशे पानांचे पुस्तक चार गिगाबाइटांच्या आत बसते, आणि एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कमध्ये अडीचशेवर पुस्तके. दाबून ठेवली तर कितीतरी अधिक. ती हार्ड डिस्क खिशात मावते. अशा दोन घ्याव्यात आणि दोन निराळ्या गावी ठेवाव्यात. माझी दुसरी साताऱ्याला बहिणीकडे असते. ती तिने लोणच्याच्या बरण्यांच्या फडताळात ठेवली आहे. तेथे पोरांचा हात पोचत नाही म्हणते.